ऐकू न येणारा ठेका

गाणं नीट ऐकायचं असेल तर आधी ते जेमतेम ऐकू येईल इतकं बारीक करायचं, ही आत्याची पद्धत. बाकीचे इंजिनियर स्पीकर असे लावत की काचा थरथराव्यात. आत्या बटण मागे मागे नेत जाई, इतकं की खोलीतल्या पंख्याची घरघर गाण्याच्या वर यावी. मग डोळे मिटून खुर्चीत बसे. तेवढ्या कुजबुजीतही गाणारं माणूस काय म्हणतंय ते कळलं, तर गाणं उभं आहे. नाही कळलं, तर ते कितीही मोठ्याने लावा, आडवंच राहणार.

रेकॉर्डिंगला आलेल्या भावंडांतल्या थोरलीचं गाणं त्या परीक्षेत आडवं झालं. ड्रम ऐकू येत होता, बेस आणि कीबोर्ड ऐकू येत होते. गाणाऱ्या बाईचा आवाज जिथे असायला हवा, तिथे भिंतीवरची तसबीर काढून नेल्यावर राहतो तसा एक फिकट चौकोन होता.

आत्या खरं तर एकाच माणसाची आत्या. स्टुडिओचा मालक तिचा सख्खा भाचा. पण त्याने मारलेली हाक सगळ्यांनी ऐकली आणि सगळ्यांनीच उचलली. गिटारवाले, जाहिरातींना आवाज देणारे, पाण्याचे जार आणणारा, खालच्या टायरच्या दुकानातले कामगार, सगळ्यांची ती आत्या. तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला आत्या म्हणत आणि तीही खुशाल ओ देई.

या कामात येण्याआधी ती प्रवासी बोटींच्या धक्क्यावर घोषणा करायची. धक्क्यावर दिवसभर संगीत वाजत असे. बोट सुटायची झाली की संगीत बंद करायचं नाही, फक्त दाबायचं आणि बोलायचं. डाव्या अंगठ्याखाली एक सरकती पट्टी होती. आत्याला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं की अंगठा शब्दाच्या अर्धा श्वास आधी खाली जायला हवा आणि बोलून झाल्यावर सावकाश वर यायला हवा. एकदम वर आणला की लोक दचकतात. सावकाश आणला तर मध्ये संगीत खाली गेलं होतं हे कोणाच्या गावीही नसतं. पुढे हे सगळं आपोआप करणारं यंत्र आलं आणि घोषणा करणाऱ्या बायकांना घरी पाठवलं गेलं. बाकीच्यांनी यंत्राला शिव्या घातल्या. आत्या शेवटच्या दिवशी त्याच्यासमोर उभी राहिली, ते संगीत कसं दाबतं आणि कसं सोडतं ते कान देऊन ऐकलं, आणि म्हणाली, "घाई करतं." मग डबा उचलून घरी गेली.

त्याच सुमारास भाच्याने टायरच्या दुकानावरची जागा घेऊन स्टुडिओ काढला होता. एक खोली ऐकायची, एक ड्रमची, एक गाण्याची. मध्ये दुहेरी काचा. "दोन दिवस येऊन बस," तो म्हणाला होता, "मला फोन घ्यायला माणूस नाही." फोन घेता घेता आत्याने एकदा मागून सांगितलं की तुझा बेस गाणाऱ्याच्या पायात पाय घालतोय. भाच्याने मागे वळून पाहिलं, खुर्चीतून उठला आणि तिला बसवलं. फोन घ्यायला पुन्हा कोणी मिळालं नाही ते नाहीच.

थोरली आणि धाकटा हे सख्खे बहीणभाऊ. ती गाणार, तो ड्रम वाजवणार. हॉटेलं, लग्नाचे हॉल, सहलीच्या बोटी, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम. जिथे बोलावणं येईल तिथे दोघं, आणि सोबत त्या त्या वेळी मोकळे असतील ते कीबोर्डवाले आणि बेसवाले. आयुष्य असं दुसऱ्यांच्या जेवणाच्या आवाजावर गाण्यात गेलं. मग थोरलीच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ काढली, आवाज परत आला. सूर पूर्वीच्याच जागी होता, त्याचं वजन मात्र गेलं होतं. घराला रंग तोच, पण आतलं सामान हलवलेलं. आणि नेमकं आता, इतक्या वर्षांनी, दोघांनी स्वतःच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग करायला घेतलं. ती गाण्याच्या खोलीत, तो ड्रमच्या खोलीत, कानांवर हेडफोन, मध्ये काच. गाणी गाऊन झाली. उरलं ते आत्याचं काम.

धाकटा एका सकाळी एकटाच आला. डोक्याला नेहमीची चौकड्यांची टोपी, हातात नेहमीच्या दोन काठ्या. त्या तो बँकेतही घेऊन जायचा म्हणे.

"आत्या, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"आधीच कबूल कशाला करून घेता? विचारा."

"ताईला तुम्ही सांगा. काहीतरी यांत्रिक घोटाळा झाला म्हणावं. माइक खराब होता, रेकॉर्डिंग पुसलं गेलं, काय वाटेल ते."

"आणि मग?"

"मग ती नवी मुलगी गाईल. परवा आली होती ना, तीच."

"मुलगी बरी गाते," आत्या म्हणाली.

"बरीच गाते हो. प्रश्न तो नाही." त्याने काठ्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "लोक हसतील ताईला. हिला काय या वयात सुचलं म्हणतील. माझ्यावर हसा, माझ्या टोपीवर हसा. तिच्यावर हसलेलं मला नाही खपणार. आणि खरं सांगू? तिच्या गाण्यातून काही येतच नाही आता. पूर्वी ती गायला उभी राहिली की मला धरायला काहीतरी असायचं. आता हेडफोनात शब्द आहेत, सूर आहे, आणि मी आपला हवेत वाजवतोय. डॉक्टरांनी गाठीबरोबर तेही काढून नेलं."

आत्याने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "हे बघा, मी खोटं बोलते. अगदी सर्रास बोलते, माझ्या घरी विचारा. पण यंत्राच्या नावावर नाही बोलत. बिचाऱ्याला उलट उत्तर देता येत नाही."

"मग मी काय करू?"

"शनिवारी दुपारी दोघं या. तोवर आवाज उभा राहिला नाही तर मीच तिला सांगेन, जे खरं आहे ते. तुम्ही तेवढा वेळ जिन्यात उभे राहा."

धाकटा गेला. भाचा इतका वेळ तारा गुंडाळण्याचं नाटक करत होता. तो म्हणाला, "आत्या, उगाच शब्द दिलास. त्या आवाजात आता काही राम नाही."

"तू काय केलंस त्याचं?"

"चढवला. अजून चढवला."

"आणि?"

"आणि काय. ताटलीवर नख ओढल्यासारखा लागतोय."

लागणारच होता. पातळ आवाज मोठा केला की तो मोठा पातळ आवाज होतो. हे आत्या कुठल्या पुस्तकात शिकली नव्हती. तिच्या सासूबाईंना कमी ऐकू यायचं. लग्न होऊन आल्यावर नवऱ्याने पहिली गोष्ट शिकवली ती ही, की आईशी ओरडून बोल. आत्या वर्षभर ओरडत होती. एकदा भांडी विसळता विसळता ती काहीतरी विचारत होती, गळा फाटेस्तोवर, आणि सासूबाई खुर्चीतून शांतपणे म्हणाल्या, "ओरडतेस कशाला गं? नळ बंद कर." त्या दिवसानंतर सासूबाईंशी बोलायचं झालं की आत्या आधी नळ बंद करी, मग मिक्सर, मग नवरा. साध्या आवाजातलं सगळं म्हाताऱ्या बाईला ऐकू येई.

थोरलीच्या गाण्यातही तिने तेच करायचं ठरवलं. कॉम्प्रेसर म्हणजे आवाज फार वर गेला की त्याला खाली दाबणारं यंत्र. एरवी ते ज्याला दाबतं त्याचंच ऐकत असतं. पण त्याचा कान दुसरीकडे लावता येतो. कान गाणाऱ्या बाईकडे, हात कीबोर्डवर. तिने तोंड उघडलं की कीबोर्ड मान खाली घालणार, ती थांबली की सावकाश मान वर करणार. या जोडणीला धंद्यात साइडचेन म्हणतात. आत्याच्या लेखी तो धक्क्यावरचा तिचा डावा अंगठा होता, फक्त आता तो दुखत नव्हता. संपूर्ण कीबोर्डही दाबायचा नव्हता. थोरलीचा आवाज ज्या उंचीवर राहतो तेवढीच पट्टी, बाकीचा कीबोर्ड जिथल्या तिथे. शेजाऱ्याला घर सोडायला सांगायचं नाही, दारातली चप्पल तेवढी बाजूला घ्या म्हणायचं.

तिने जोडणी केली, गाणं लावलं, बटण मागे नेलं. पंख्याच्या घरघरीखालून थोरली वर आली. शब्द न् शब्द. आवाज पातळच होता, पण आता त्याच्याभोवती मोकळी जागा होती. रिकाम्या मैदानात उभं असलेलं बारीक झाड लांबून दिसतं, तसा तो दिसत होता.

भाचा जागचा उठला. "जमलं की!"

आणि तेवढ्यात थोरलीची ओळ संपली, मधलं संगीत सुरू झालं, आणि कीबोर्डला धाप लागली. कोणी गात नव्हतं. तरीही तो दबत होता, सुटत होता, दबत होता, सुटत होता.

"तुझ्या कीबोर्डला दमा झालाय," भाचा म्हणाला.

मग शोधाशोध. कान चुकून ड्रमकडे लागलाय का पाहिलं, नव्हता. तारा काढून पुन्हा लावल्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कारण भाच्याचा त्या उपायावर फार विश्वास. दमा होता तसाच. आत्याने शेवटी बाकीचं सगळं गप्प केलं आणि एकट्या थोरलीचा ट्रॅक लावला, तोही जिथे ती गात नाही तिथला. स्पीकर चढवला. पोकळी. रिकाम्या खोलीत उभं राहिल्यावर जाणवते तशी. आणि त्या पोकळीत, खोल तळाशी: धप्. धप्. धप्.

"खाली टायर टाकतायत," भाचा म्हणाला.

"ठेक्यात?"

भाचा ऐकत राहिला. मग त्याने कपाळावर हात मारला. "पाय आहे! थोरल्या बाईंचा. त्या मोठ्या लाकडी पाटावर उभ्या होत्या ना, पायाने ताल देत होत्या. माइकने घेतला. ओळींच्या मधलं कापायचं माझ्याकडून राहूनच गेलं."

आवाज नाजूक म्हणून आत्याने यंत्राचा कान फार तिखट करून ठेवला होता. त्या कानाला पाय गाण्याइतकाच ऐकू जात होता, आणि गाणं समजून कीबोर्ड त्या पायाला मुजरे घालत होता.

"आत्ताच्या आत्ता उडवतो," भाचा म्हणाला आणि माउसकडे झेपावला.

आत्याने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "थांब जरा."

तिने पाय आणि धाकट्याचा ड्रम, एवढंच लावलं. दोन आवाज. बराच वेळ ती नुसती ऐकत होती. ध्रुवपद जवळ आलं की ड्रम पळायला लागे, सुटी झालेल्या शाळेसारखा. पाय पळत नव्हता. ड्रम पुढे, पाय जागेवर. मग थोरलीची ओळ सुरू झाली की ड्रम भानावर येऊन मागे येई, दर वेळी थोडा उशिराच. पाय तोवर तिथेच उभा. नुकतीच गळ्यावर सुरी फिरवून आलेल्या बाईचा पाय, आणि त्यात कुठे कंप नव्हता. डॉक्टरांनी काय नेलं आणि काय नाही, हे धाकट्याला माहीत नव्हतं.

"यांनी कधीतरी एकमेकांना धरून वाजवलं असेल," आत्या म्हणाली. "असं नव्हतं वाजत. मी ऐकलंय त्यांना हॉटेलात."

"मग इथेच का असं?"

"ते त्यांनाच माहीत."

शुक्रवार त्यात गेला. पाय तिने थोरलीच्या ट्रॅकवरून उचलून वेगळा ठेवला. पहिल्या यंत्राच्या कानात बोळा घातला, म्हणजे त्याला आवाजच ऐकू जाईल, तळाची धपधप नाही. कीबोर्डचा दमा गेला. मग बेसवर आणि कीबोर्डच्या जाड सुरांवर दुसरं यंत्र बसवलं, आणि त्याचा कान लावला पायाकडे. पाय स्पीकरकडे पाठवलाच नाही. तो कोणालाही ऐकू येणार नव्हता. पण तो पडला की बेस किंचित दबणार, उठला की बेस वर येणार, आणि सगळं गाणं एका न दिसणाऱ्या बाईच्या चालीने चालणार. किती दबायचं ते तिने अगदी कमी ठेवलं. भाचा म्हणाला, कळतसुद्धा नाही. ती म्हणाली, "कळलं तर काढून टाकीन."

तिला खात्री होती. माणसं येण्याआधीच तिने तोंड धुतलं, केस नीट केले आणि चहा टाकला.

शनिवारी थोरली पुढे, धाकटा मागे, असे जिना चढून आले. थोरली उंच, गळ्याला सुती रुमाल, बोलणं हळू. धाकटा दारातच घुटमळला.

"आत ये की," थोरली म्हणाली. "जिन्यात काय उभा राहतोस वसुलीवाल्यासारखा?"

"येतो. तू बस."

"बसते. पण गाणं लावायच्या आधी मी बोलते, म्हणजे तुझा जीव टांगणीला नको." ती आत्याकडे वळली. "माझा आवाज गेलाय हे मला माहीत आहे. गळा कापलाय, कान नाही कापलेत. ती मुलगी येऊन गेली तेही मला कळलं. या गृहस्थांच्या पोटात काही राहतं का? दोन दिवस माझ्याशी लाडीगोडीने बोलत होता, तेव्हाच ओळखलं. मुलगी गाऊ दे. मला फक्त सरळ सांगायचं होतंस रे."

धाकट्याने टोपी काढली.

"आधी ऐका," आत्या म्हणाली. "मग खुशाल भांडा."

तिने गाणं लावलं, आधी बारीक. थोरली पुढे वाकली. आपलेच शब्द पंख्याखालून स्पष्ट येताना ऐकून तिने ओठ मिटून घेतले. मग आत्याने आवाज पुरेसा वर नेला. ध्रुवपद आलं. धाकट्याची टाच जमिनीवर हलायला लागली. त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं. तो खिडकीबाहेर पाहत होता आणि टाच आपली चालली होती.

गाणं संपलं.

"आवाजाला काय केलंत?" त्याने विचारलं.

"आवाजाला हातही लावलेला नाही. तुमच्या कीबोर्डवाल्याला जरा मागे सरकायला सांगितलं."

"तेवढंच नाही ते. हे... हे आमचं आहे. पूर्वीचं. मी हवेत नाहीये."

"एक ट्रॅक गाण्यात ऐकू येत नाही," आत्या म्हणाली, "पण यंत्र त्याच्या तालावर बेस दाबतंय." तिने बाकीचं सगळं गप्प केलं आणि तो ट्रॅक स्पीकरवर सोडला. धप्. धप्. धप्.

"अगं बाई!" थोरलीने पाय खुर्चीखाली घेतला. "हा माझा पाय? काढा हो ते. शोभा आहे नुसती. लहानपणापासूनची खोड आहे, मास्तर पट्टी मारायचे."

धाकटा मात्र स्पीकरकडे पाहत होता, तिथून कोणी बाहेर येणार असल्यासारखा. "हेच," तो म्हणाला. "ताई, हेच येत नव्हतं."

"काय हेच?"

"मंचावर आपण एकाच फळीवर असतो. तू पुढे, मी तुझ्या मागे. तू पाय मारतेस तो माझ्या बुडाखालच्या स्टुलात येतो. मी तुझा आवाज कधी धरलाच नव्हता. आवाज काय, तो हॉटेलातल्या ताटवाट्यांत ऐकूच येत नसे. मी तुझा पाय धरायचो. इथे तू त्या खोलीत, मी या खोलीत, खाली फरशी." त्याने हातातली टोपी उलटी केली. "आणि मी म्हणालो, डॉक्टरांनी नेलं."

"म्हणजे इतकी वर्षं तू मला ऐकतच नव्हतास?"

"तुझ्या पायाला ऐकत होतो."

"कमाल आहे!" थोरली हसायला लागली. हसताना आवाज फुटत होता. तिने रुमालावर हात ठेवला आणि तरीही हसत राहिली. "मग आता काय, ती मुलगी गाणार आणि मी पाय देणार?"

"मुलगी नाही गाणार."

"लोक हसतील म्हणालास ना?"

"हसू देत."

"असं. तुझ्या टोपीला हसतातच, त्यात माझी भर." ती आत्याकडे वळली. "पण तुम्ही सांगा. दया म्हणून ठेवू नका. असा पातळ आवाज चालतो?"

"चालला नसता तर आज मी चहा केला नसता," आत्या म्हणाली. "सांगून मोकळी झाले असते. मुलीचा आवाज जाड आहे, तिच्यासाठी सगळं उलगडून परत बांधावं लागेल. हे गाणं तुमच्या मापाचं आहे."

थोरलीने मान हलवली. एकदाच.

धाकटा उभा राहिला होता. "माझा ड्रम मात्र वाईट आहे," तो म्हणाला. "मला आता ऐकू येतंय. पळतोय नुसता. आत्या, मी पुन्हा वाजवू? सगळी गाणी?"

"मी वाटच बघत होते तुम्ही कधी विचारता त्याची."

"पण ताई त्याच फळीवर हवी. तिने गायचं नाही, गळ्याला ताण नको. नुसतं उभं राहायचं."

"म्हणजे मी गप्प उभी राहून पाय आपटणार," थोरली म्हणाली. "लग्न झालं असतं तर हेच केलं असतं."

भाचा एव्हाना गाण्याच्या खोलीत शिरला होता. तिथला पलंगाएवढा लाकडी पाट त्याने एका बाजूने उचलून पाहिला. "दारातून निघत नाही! आतच ठोकून घेतला होता."

"मग दार काढ," आत्या म्हणाली.

दार काढलं. धाकट्याने टोपी खिशात कोंबली आणि दुसरी बाजू धरली. पाट आडवा, तिरपा, परत आडवा होत, भिंतीचा रंग खरवडत ड्रमच्या खोलीत गेला. ड्रम बाजूला करून तो खाली सरकवला, मग सगळे ड्रम पुन्हा त्याच्यावर चढवले, मधोमध स्टूल, आणि पुढच्या काठावर एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा.

"यंत्र काढणार का मग आता?" धाकट्याने काचेआडून विचारलं. "पाय खरा आला की ते कशाला?"

"ते राहणार," आत्या माइकमधून म्हणाली. "तुमचा कीबोर्डवाला काही या पाटावर उभा नव्हता. त्याला कोणीतरी धरून चालवायला हवं."

थोरली पाटावर चढली. भावाकडे पाठ करून उभी राहिली, मंचावर उभी राहायची तशी. हेडफोन चढवले. त्यात तिचं स्वतःचं गाणं येणार होतं, गाऊन झालेलं. तिने तोंड घट्ट मिटलं, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि उजवी टाच लाकडावर एकदा ठोकून पाहिली. मागे, स्टुलावर, धाकट्याची पाठ आपोआप सरळ झाली.

आत्याने रेकॉर्डिंग चालू केलं.